घरात एकजण पॉझिटिव्ह, बाकीच्या तिघांनी टेस्ट करायची का?

सोनचाफा
२२ जानेवारी २०२२, सकाळी १०.५०

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, घरात चौघं. नवऱ्याला बुधवारी रात्री कणकण आणि घसादुखी सुरू झाली, काल सकाळी घरच्या कोविड किटवर पॉझिटिव्ह आला. तो वेगळ्या खोलीत आहे, ताप उतरलाय. काल रात्रीपासून माझाही घसा खवखवतोय, पण आज सकाळी उरलेल्या किटवर मी निगेटिव्ह. मुलगी दहा वर्षांची, नाक गळतंय, बाकी हुंदडतेय. सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू, लशीचा दुसरा डोस गेल्या एप्रिलमध्ये झालाय. त्यांना काहीच त्रास नाही.

प्रश्न असे :
१. चौघांचीही आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतली टेस्ट) करावी का? घरी येऊन नमुना न्यायचे माणशी ७०० म्हणजे २८०० रुपये.
२. मी निगेटिव्ह म्हणजे सुटले का? स्वयंपाक आणि सासूबाईंचं सगळं माझ्याकडेच आहे.
३. सासूबाई म्हणतात, मला काही होत नाही तर नाकात काडी कशाला. त्यांचं ऐकावं का?
४. पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू ठरलंय. बायकांना टेस्ट करून या म्हणावं की पुढे ढकलावं?

---

गवती चहा
२२ जानेवारी, सकाळी ११.१५

एकच घर, एकच टीव्ही, एकच सोफा. बुधवारच्या आधीचे दोन दिवसही नवरोबा विषाणू सोडतच होते. टेस्ट करून औषध काय मिळणार? पॅरासिटामॉल आणि गरम पाणी. चौघं पॉझिटिव्ह आहोत असं धरा, सात दिवस दाराला कडी लावा आणि २८०० रुपयांची संत्री आणा.

---

हिशेबी
२२ जानेवारी, सकाळी ११.५८

गवती चहा यांचा सल्ला सोनचाफा आणि मुलगी यांना चालेल, सासूबाईंना अजिबात नाही. त्याबद्दल कोणी डॉक्टर लिहितीलच. मी फक्त आज सकाळच्या त्या निगेटिव्हचा हिशेब मांडतो, कारण खरा घोळ तिथेच होणार आहे.

तुमच्यासारख्या १०० जणी घ्या : घरात पॉझिटिव्ह माणूस, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा धरलेला, आणि शहरात लाट. यातल्या ८० जणींना खरोखर लागण झालीय असं धरू. घरचं अँटिजेन किट किती जणींना पकडेल? आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) जून २०२० मध्ये पहिलं अँटिजेन किट मान्य केलं, तेव्हाच्या पडताळणीत संवेदनशीलता (लागण असलेल्यांपैकी किती जण पकडले जातात) ५०.६ ते ८४ टक्के निघाली होती. आपण ६० धरू. म्हणजे ८० पैकी ४८ जणी पॉझिटिव्ह दिसतील, ३२ जणी निसटतील. लागण नसलेल्या २० जणी निगेटिव्ह. एकूण निगेटिव्ह ५२, त्यातल्या ३२ जणींना लागण आहेच. तुमच्या परिस्थितीत निगेटिव्ह किट निम्म्याहून अधिक वेळा चुकतं. आकडे थोडे इकडेतिकडे करून पाहा, निष्कर्ष फारसा हलत नाही.

पॉझिटिव्हचं मात्र उलटं आहे. त्याच पडताळणीत किटची विशिष्टता (लागण नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह दिसतात) ९९.३ ते १०० टक्के होती. त्यामुळे लक्षणं असताना किटवर दुसरी रेघ उमटली की ती खरी धरायची. नवऱ्याची आरटीपीसीआर निदानासाठी पुन्हा करायची गरज नाही, आयसीएमआरचा नियमही तेच सांगतो. २८०० मधले ७०० इथेच वाचले.

हेच किट लाट नसताना, काहीही होत नसलेल्या १००० जणांना लावलं तर? त्यात खरी लागण समजा दोघांना. विशिष्टता ९९.५ टक्के धरली तरी पाच जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील. किट तेच, पण ते कोणाच्या नाकात घातलंय यावर निकालाचा अर्थ ठरतो. ही गोष्ट खोक्यावर कुठेच छापलेली नसते.

---

नमुना क्र. ७
२२ जानेवारी, दुपारी १२.४०

हिशेबी यांनी किट नीट वापरलंय असं धरून गणित केलंय. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचं चुकतं ते त्याच्याही आधी. सोनचाफा, तुमची टेस्ट पुढच्यापैकी कुठे घसरली ते ताडून बघा.

नाक आधी शिंकरून मोकळं करायचं. काडीला शेंबूड नको, नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी हव्यात. मग काडी २ ते ४ सेंटीमीटर आत, अडेपर्यंत, आणि भिंतीला टेकवून पाच वेळा गोल. तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत, तिथेही पाच वेळा. बहुतेक जण नाकाच्या तोंडाशी गुदगुल्या केल्यासारखी फिरवतात, पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह निघण्याचं ते सगळ्यात मोठं कारण. नाकात औषधाचे थेंब किंवा तेल घातल्यावर लगेच नमुना घेऊ नये.

नंतर काडी नळीतल्या बफरमध्ये (किटबरोबरच्या द्रावणात) बुडवून बाहेरून नळी चिमटीत दाबत पिळायची. पिळलं नाही तर माल कापसातच राहतो. काडी खुणेपाशी मोडायची, टोपण लावायचं, आणि कॅसेटच्या (पट्टी बसवलेल्या प्लास्टिकच्या डबीच्या) खळग्यात मोजून दोन थेंब. चार टाकले तर पट्टी वाहून जाते, एकच टाकला तर द्रव वरपर्यंत चढत नाही. कॅसेट सपाट जागी ठेवायची, हातात धरून हलवत बसायचं नाही. हे माप पुण्याच्याच मायलॅबच्या कोविसेल्फचं. दुसरं किट असेल तर थेंब आणि वेळ त्याच्या कागदावर वाचा, सगळ्यांचं सारखं नसतं.

निकाल १५ मिनिटांनी. २० मिनिटांनंतर जे दिसेल ते मोजायचं नाही, कारण पट्टी वाळताना खोटी रेघ उमटू शकते. सी ची (किट चालतंय हे दाखवणारी) रेघ आलीच नाही तर टेस्ट बाद, टी ची (विषाणू दाखवणारी) काही का दाखवेना. आणि सी असताना टी ची रेघ कितीही फिकट, उजेडात तिरकी धरून बघावी लागेल अशी असली, तरी वेळेत उमटली असेल तर ती पॉझिटिव्हच. "जराशी पॉझिटिव्ह" असं काही नसतं.

किट २ ते ३० अंश तापमानात ठेवायचं असतं. फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पाकीट मात्र वापरायच्या क्षणीच फोडा. दमट हवेत उघडी पडलेली पट्टी ओल धरते.

अवांतर : लिंबूपाणी किंवा कोला थेट पट्टीवर टाकून टी ची रेघ येते, म्हणून "टेस्टच खोटी" असे व्हिडिओ फिरतायत. रेघ येते हे खरं. बफरशिवाय आम्ल पडलं की पट्टीवरची प्रथिनं बिघडून एकमेकांना चिकटतात. बफर त्यासाठीच दिलेला असतो.

---

सोनचाफा
२२ जानेवारी, दुपारी १.२०

कागद पुन्हा वाचला. काडी फार आत गेली नव्हती, दोनेक वेढे दिले असतील, आणि निकाल स्वयंपाकातून वेळ मिळाल्यावर पाहिला, अर्धा तास तरी झाला असेल. म्हणजे ती टेस्ट झालीच नाही असं समजते. पण मग पुन्हा किट, की थेट आरटीपीसीआर? आणि सासूबाईंचं काय?

---

दवाखाना
२२ जानेवारी, दुपारी २.३५

टेस्टचा निर्णय घेताना एकच प्रश्न विचारायचा : निकाल आल्यावर माझ्या हातून वेगळं काय घडेल? काहीच वेगळं घडणार नसेल तर टेस्ट ऐच्छिक. तुमच्या चौघांचं उत्तर चार प्रकारचं आहे.

नवरा : निदान झालं. पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस औषधाशिवाय ताप नाही, तर विलगीकरण संपलं. म्हणजे २८ तारीख. सुटताना पुन्हा टेस्ट करायची नाही. आरटीपीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडते, काही जणांची ती काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. 'निगेटिव्ह रिपोर्ट आणा' म्हणून अडून बसणाऱ्या सोसायट्यांना हेच सांगा.

मुलगी : नाक गळतंय, खेळतेय, खातेय. टेस्ट नाही केली तरी चालेल, पण आजीपासून लांब. करायचीच तर काडी मोठ्या माणसाने फिरवायची, तिच्या हातात द्यायची नाही. ताप तीन दिवसांपुढे गेला, खाणं-पिणं बंद झालं, लघवी कमी झाली किंवा श्वास जोरात चालला तर डॉक्टर गाठा, टेस्ट हा तिथला दुसरा प्रश्न.

तुम्ही : लक्षणं असताना किट निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर करावी असा आयसीएमआरचा नियम आहे, आणि तुमच्या बाबतीत तो शब्दशः पाळा. कारण तुम्ही सासूबाईंचं सगळं करता. रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही पॉझिटिव्ह आहात असंच वागायचं. स्वयंपाक केला तरी चालेल, धोका अन्नातून नाही. धोका आहे तो त्यांच्याजवळ बसून जेवण्यात, वेणी घालून देण्यात, एकाच बंद खोलीत झोपण्यात. ताट दाराशी ठेवा, तुम्ही एन-९५ लावा, त्यांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या. जानेवारीच्या थंडीत त्या कुरकुरतील, शाल द्या पण खिडकी बंद नको.

सासूबाई : घरात सगळ्यात आधी टेस्ट व्हायला हवी ती यांची. १० जानेवारीच्या आयसीएमआरच्या सूचनेत लक्षणं नसलेल्या संपर्कातल्यांना टेस्ट नको म्हटलंय, पण त्यातून दोन गट वगळलेत : साठीच्या पुढचे, आणि मधुमेह, रक्तदाब, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार, कर्करोग, लठ्ठपणा असलेले. सासूबाई दोन्हीत बसतात. बातम्यांमध्ये पहिलाच अर्धा भाग आला, त्यामुळे बरेच आजी-आजोबा टेस्टविना राहिलेत.

निकालाने त्यांच्या बाबतीत काय बदलतं ते सांगतो. पॉझिटिव्ह आल्या तर साठीपुढच्या आजारी व्यक्तीला घरी ठेवायचं की नाही हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं असतं. साखर दिवसातून किती वेळा बघायची, गोळ्या बदलायच्या का, हे ठरतं. मोल्नुपिराविर या विषाणूविरोधी औषधाला २८ डिसेंबरला आपत्कालीन मंजुरी मिळालीय, आयसीएमआरने ते उपचारपद्धतीत घातलेलं नाही, पण डॉक्टरांना ते द्यायचंच असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावं लागतं. आठव्या दिवशी झालेल्या निदानाला त्याचा उपयोग नाही. आणि ऑक्सिजन कधीपासून मोजायचा हेही ठरतं. "त्रास झाला तर बघू" यात हे सगळे दिवस हातचे जातात.

एक हात जोडून विनंती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीतलं स्टिरॉइड त्यांना देऊ नका. ऑक्सिजन नीट असताना ते फायद्याचं नाही, मधुमेहात साखर भडकवतं, आणि गेल्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) काय केलं ते पुण्याला सांगायला नको.

टेस्ट कधी? संपर्क सोमवार-मंगळवारपासून आहे. संपर्काच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना बहुधा निगेटिव्हच येतो. आयसीएमआरचं आधीचं धोरण पाचव्या ते दहाव्या दिवसात एकदा असं होतं. म्हणजे तुमची आणि त्यांची एकाच फेरीत आज-उद्या करून टाका.

---

गवती चहा
२२ जानेवारी, दुपारी ३.०५

सासूबाईंच्या बाबतीत शब्द मागे घेतो. संत्री मात्र आणा. मधुमेहाचं बघून.

---

कागदी घोडा
२२ जानेवारी, संध्याकाळी ५.१०

औषधपाणी वर आलंय, मी कागदांचं सांगतो. घरच्या किटच्या निकालाचा कागद बनत नाही. अ‍ॅपवर फोटो चढवला की नोंद होते, पण विमा कंपनीला बहुधा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्टच लागतो. कोरोना कवच पॉलिसीत घरच्या उपचारांचा १४ दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो, तोही त्या रिपोर्टवर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उपचारांवर. वर म्हटलंय की नवऱ्याची आरटीपीसीआर निदानासाठी नको. विमा किंवा ऑफिसची रजा अडणार असेल तर त्या कारणासाठी करा, पण मग आजच करा, पंधरा दिवसांनी नाही.

दुसरं, नकोसं पण खरं. कोविडने मृत्यू झाल्यास वारसांना जे ५०,००० रुपये मिळतात, त्यात पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू धरतात. टेस्टच झालेली नसेल तर कुटुंबाला समितीपुढे चकरा माराव्या लागतात. वयस्कर माणसाच्या बाबतीत अधिकृत नोंद असावी ती यासाठीही.

तिसरं, लस. लागण झाली तर बरं झाल्यावर तीन महिने डोस घ्यायचा नाही, खबरदारीच्या मात्रेलाही (तिसऱ्या डोसला) हेच लागू. सासूबाईंचा एप्रिलचा डोस म्हणजे ३९ आठवडे भरलेत किंवा भरत आलेत. टेस्टशिवाय ती तारीख कशावरून ठरवणार?

पैसे : डिसेंबरपासून खासगी प्रयोगशाळेत आरटीपीसीआर केंद्रावर जाऊन ३५०, रुग्णालयातून नमुना नेला तर ५००, घरून ७००. महापालिकेच्या केंद्रावर फुकट. पण ७२ वर्षांच्या बाईंना रांगेत खोकणाऱ्यांमध्ये उभं करू नका. टेस्टसाठी गेल्या आणि तिथून आजार घेऊन आल्या असं व्हायला नको. दोघींचे घरून १४००, तेवढेच खर्च करा.

नमुना न्यायला माणूस येईल तेव्हा नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहिलंय ना, वय आणि मोबाइल बरोबर आहे ना, हे त्याच्या फोनवर वाचून घ्या. नमुन्याच्या नोंदीचा तेरा आकडी एसआरएफ क्रमांक मेसेजने येतो, तो जपा. नंतर नावातला एक काना दुरुस्त करायला जन्म जातो.

---

नमुना क्र. ७
२२ जानेवारी, संध्याकाळी ५.४५

कागदी घोडा यांना जोड. घरून नमुना नेणाऱ्याकडे बर्फाच्या वड्या घातलेला डबा आहे का बघा. घशाची आणि नाकाची काडी एकाच गुलाबी द्रावणाच्या नळीत जाते, ती २ ते ८ अंशात ठेवायची असते. सकाळी आठचा नमुना दुचाकीच्या डिकीत दुपारपर्यंत शेकला तर आरएनए (विषाणूचा जनुकीय धागा) तुटतो आणि पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह येऊ शकतो. नळीवर नाव तुमच्यासमोर घालायला लावा. दोघींचे नमुने एकाच घरातून जाणार, आडनाव एकच, अदलाबदल अशाच घरांमध्ये होते.

सासूबाईंना सांगा, काडी डोळ्यांकडे वर जात नाही, तोंडातल्या टाळूला समांतर सरळ मागे जाते. मान थोडी मागे, श्वास तोंडाने, दहा सेकंद. डोळ्यात पाणी येतंच. त्या रक्त पातळ करायची गोळी घेत असतील किंवा नाकातून रक्त येण्याची सवय असेल तर आधी सांगा. घशाचा नमुना जेवणानंतर लगेच नको, उमासा येतो.

---

सोनचाफा
२४ जानेवारी, सकाळी ९.३०

रिपोर्ट आले. मी पॉझिटिव्ह, सीटी २१. सासूबाई निगेटिव्ह. मला आता बरं वाटतंय. सीटी २१ म्हणजे जास्त आहे का? आणि सासूबाई सुटल्या ना?

---

नमुना क्र. ७
२४ जानेवारी, सकाळी १०.०५

सीटी म्हणजे यंत्राने नमुना कितीदा दुप्पट केल्यावर विषाणू दिसला. आकडा जेवढा कमी तेवढा विषाणू जास्त. १० चा फरक म्हणजे सुमारे हजारपट. पण आकडा त्या काडीवर काय आलं त्याचा असतो, तुमच्या शरीराचा नाही. काडी नीट फिरली नाही तर २१ चा २७ होतो. किट बदललं, जनुक बदललं की तोच नमुना वेगळा आकडा देतो. दुसऱ्या कोणाच्या २८ शी तुलना करू नका. आजार किती वाढेल ते यातून कळत नाही, ३५ च्या आत म्हणजे पॉझिटिव्ह एवढंच कळतं.

---

दवाखाना
२४ जानेवारी, दुपारी १.५०

सासूबाई नमुना घेतला त्या दिवशी निगेटिव्ह होत्या, एवढाच त्या कागदाचा अर्थ. घरात आता दोन पॉझिटिव्ह आहेत. सोय असेल तर त्यांना घरातच पण पूर्ण वेगळं ठेवा, दुसऱ्या नातेवाइकाकडे पाठवू नका. घसा, खोकला, ताप, अंगदुखी किंवा नुसती गळून गेल्यासारखी मरगळ, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी पुन्हा नमुना. मधुमेह असलेल्या वयस्करांमध्ये ताप येईलच असं नाही, साखर अचानक वर जाणं हीच पहिली खूण असू शकते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन दिवसातून तीनदा मोजा, लिहून ठेवा. ९३ किंवा खाली आला, किंवा श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला, तर फोनवर सल्ला मागत बसायचं नाही, रुग्णालय. चालून पाहायची टेस्ट तरुणांना सहा मिनिटं, त्यांना तीन मिनिटं, सपाट जमिनीवर, जिना नाही. चालल्यावर आकडा ३ ने उतरला तरी डॉक्टरांना कळवा.

हळदीकुंकवाचं कोणी बोललंच नाही. शुक्रवारी नाही. तुमचे सात दिवस नमुन्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यापासून धरले तर ३१ तारखेला संपतात. रथसप्तमी ७ फेब्रुवारीला आहे, मध्ये आठवडा उरतो. तेव्हाही 'टेस्ट करून या' सांगू नका. निगेटिव्ह किट खिशात असलं की मास्क पर्समध्ये जातो आणि उखाणे तोंड उघडून घेतले जातात. गच्चीवर, थोड्या थोड्या जणी, आणि वाण दाराशी. ज्यांना घसा-सर्दी आहे त्यांचं वाण घरी पोचवायचं.

---

सोनचाफा
२४ जानेवारी, दुपारी ४.१५

गच्चीचं पटलं. एकच शंका. सासूबाईंचा ऑक्सिजन आत्ता ९१ दाखवला. मी दाराबाहेरून बघतेय, त्या नीट बोलतायत, दम नाही. संक्रांतीला बोटांवर मेंदी काढली होती, ती अजून आहे.

---

दवाखाना
२४ जानेवारी, दुपारी ४.२२

मेंदी, नेलपॉलिश आणि थंड बोटं, तिन्ही आकडा बिघडवतात. आत्ता हे करा : हात कोमट पाण्यात धरून पुसा, चोळून गरम करा. मेंदी नसलेलं बोट घ्या, दहाही रंगली असतील तर कानाची पाळी नको, ते यंत्र बोटासाठीच आहे, पायाचं बोट चालेल. पाच मिनिटं बसवा, हात छातीशी टेकवून स्थिर, बोट यंत्रात पूर्ण आत. नाडीचा आकडा स्थिरावल्यावर एक मिनिट थांबून वाचा. त्याच यंत्रावर तुमचाही आकडा घ्या, यंत्र पुसून. तुमचाही कमी आला तर सेल बदला. त्यांचा तरीही ९३ किंवा खाली राहिला तर मेंदीवर ढकलू नका, लगेच निघा.

---

सोनचाफा
२४ जानेवारी, दुपारी ४.५०

पायाच्या बोटावर ९७, दोनदा. माझा ९८. हाताच्या करंगळीला मेंदी कमी होती, तिथे ९६. वहीत लिहिलं.